आवार मिशनचे की आपले?

अहिल्यानगर जिल्ह्याला देवस्थानाच्या पैशाचे अप्रूप नाही. शिर्डीच्या साईबाबा संस्थानासाठी विधिमंडळाने २००४ साली स्वतंत्र कायदा केला, शनिशिंगणापूरसाठी २०१८ साली. तिथल्या दानपेट्यांची मोजदाद ही वर्तमानपत्रांची ठरलेली बातमी असते. त्याच जिल्ह्यात राहाता, राहुरी, श्रीरामपूर, नेवासा, संगमनेर या तालुक्यांमध्ये कॅथॉलिक धर्मग्रामे विखुरलेली आहेत. त्यांची रविवारची पेटी बातमीत येत नाही. येण्यासारखे तिच्यात फारसे जमतही नाही. आवारे मात्र ऐसपैस. चर्च, शाळा, बोर्डिंग, सिस्टरांचे कॉन्व्हेंट, कधी एखादा दवाखाना, मारियेचा ग्रोटो, विहीर, थोडी शेती आणि गावाच्या कडेला दफनभूमी. कौले फुटतात, भिंतीला भेग जाते, दफनभूमीत वेडी बाभूळ माजते. मग मिस्सानंतर सूचना होते, थोडी कुजबुज होते आणि शेवटी कोणीतरी म्हणतो, ‘फादर बघतील.’

या दोन शब्दांमागे सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे. आवाराची निगा आणि माणसांचे देणे हे दोन स्वतंत्र प्रश्न म्हणून मांडले जातात. एकावर सुताराला बोलावतात, दुसऱ्यावर प्रवचन होते. या जिल्ह्यापुरते पाहिले तर दोन्हींचे मूळ एकच आहे. आवार कोणाचे, हे कधी नीट ठरलेलेच नाही.

पैसा कुठून येत होता

१८७८ च्या सुमारास जर्मन जेझुइट फादर राहुरी तालुक्यातल्या केंदळला आले आणि इथल्या कॅथॉलिक मिशनची सुरुवात झाली. पुढे वळण, संगमनेर, राहाता अशी केंद्रे उभी राहिली. काळ दुष्काळांचा होता. १८७६ ते ७८ चा दुष्काळ नुकताच सरला होता आणि शतक संपता संपता छप्पन्याचा दुष्काळ यायचा होता. मिशनकडे आलेली बहुतेक माणसे महार आणि मांग समाजातली, गावकीच्या तुकड्यावर जगणारी आणि जमीन नसलेली. त्यांच्याकडून वर्गणीची अपेक्षा करणे शक्यच नव्हते. शाळा मिशनने काढली, धान्य मिशनने दिले, विहीर मिशनने खोदली आणि मास्तरचा पगारही मिशननेच केला. देणारे हात जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये होते, घेणारे इथे. त्या परिस्थितीत हे योग्यच होते. पण घेणाऱ्यांची पुढची पिढी शिकली, नोकरीला लागली, तिच्या पुढची पुण्या-मुंबईला गेली, तरी नात्याचा हा साचा तसाच राहिला.

बाहेरून येणारा हा ओघ कायमचा नाही, याचा पहिला धडा १९१४ साली मिळाला. महायुद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने जर्मन नागरिकांना अटकेत टाकले. त्यासाठीची मोठी छावणी अहमदनगरलाच, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, होती. जर्मन मिशनरी मायदेशी पाठवले गेले आणि मिशन मनुष्यबळाविना उघडे पडले. पुढे स्विस जेझुइट आले, भारतीय धर्मगुरू तयार झाले. १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला, अहमदनगर जिल्हा त्यात गेला आणि थॉमस भालेराव हे मराठी जेझुइट पहिले बिशप झाले. माणसे आपली झाली, पैशाचा झरा बराच काळ परकाच राहिला.

तो झरा कसा चालतो हेही पाहण्यासारखे आहे. जर्मनीत नोंदणीकृत ख्रिस्ती माणसाच्या प्राप्तिकरावर ८ किंवा ९ टक्के चर्चकर लागतो आणि सरकारच तो वसूल करून चर्चला देते. जर्मन बिशपांनी १९५८ साली स्थापन केलेली ‘मिझेरिओर’ ही संस्था अशा करावर, सरकारी निधीवर आणि उपवासकाळातल्या वर्गणीवर चालते. तिथेही आता ओहोटी लागली आहे. २०२२ या एका वर्षात जर्मनीत पाच लाखांहून अधिक कॅथॉलिकांनी चर्चमधून रीतसर नाव काढून घेतले. आपल्याकडे परदेशी देणग्यांचा १९७६ चा कायदा २०१० साली नव्याने आला आणि २०२० च्या दुरुस्तीने आणखी आवळला गेला. आलेला पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवायला बंदी झाली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली आणि खाते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतच उघडणे सक्तीचे झाले. मोठ्या संस्थेने घ्यायचे आणि खेड्यातल्या धर्मग्रामाला थोडे द्यायचे, ही जुनी वाट त्यामुळे बंद झाली.

मंडळीचा खर्च कोणी उचलायचा, हा वाद शेजारच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये फार आधी झाला. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली अहमदनगरला आले. १८५४-५५ मध्ये त्यांच्या बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन पाहणीला आले, तेव्हा त्यांचा आग्रह एकच होता. इथल्या मंडळीचा पाळक इथला असावा, तिचा कारभार तिने करावा आणि खर्चही तिनेच उचलावा. ते पूर्णपणे घडले असे नाही, पण निदान हा प्रश्न चर्चेच्या टेबलावर आला. कॅथॉलिक बाजूला तो बराच उशिरा आला, कारण इथे बिशप, धर्मसंघ आणि परदेशी हितचिंतक अशी भक्कम फळी मागे उभी होती.

आवाराला नेमके काय लागते

निगा म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर रंगरंगोटी येते. सणाआधी चुना-रंग होतो आणि वर्ष निभते. या जिल्ह्यात खरा शत्रू पायाखाली आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. छपराचे पाणी पन्हळीवाटे भिंतीलगत पडत राहिले, तर इमारतीच्या एका कोपऱ्याखालची माती फुगते आणि दुसऱ्या कोपऱ्याखालची कोरडीच राहते. भिंत तिरकी चिरते. मग गवंडी येऊन ती चीर सिमेंटने बुजवतो आणि पुढच्या उन्हाळ्यात ती तिथेच पुन्हा उघडते. उपाय स्वस्त आणि कंटाळवाणा आहे. पन्हळी दरवर्षी मृगाआधी साफ करायच्या, पाणी नळीने भिंतीपासून लांब न्यायचे, जोत्याभोवती फरशीचा उताराचा पट्टा घालायचा आणि मोठे झाड भिंतीला खेटून लावायचे नाही, कारण उन्हाळ्यात त्याची मुळे पायाखालचा ओलावा शोषतात.

जुन्या दगडी इमारतींची आणखी एक तऱ्हा असते. त्या चुन्यात बांधलेल्या असतात आणि चुना ओल आत घेतो तशी बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. गिलावा हौसेने केलेला असतो, देणगीदाराचे नावही वर लागलेले असते, आणि नुकसान दहा वर्षांनी दिसते. सांध्यांत उगवलेला पिंपळ वरून छाटला तर तो फोफावतो. मुळाशी जावे लागते. मंगलोरी कौलांखालच्या लाकडाला वाळवी लागली आहे की नाही, हे कोणीतरी वर्षातून एकदा शिडी लावून पाहावे लागते.

पाण्याचा हिशेब तर कोणीही कागदावर मांडू शकतो. तीनशे चौरस मीटरचे छप्पर आणि पाचशे मिलिमीटर पाऊस धरला, तर वर्षाला दीड लाख लिटर पाणी छपरावर पडते. दहा हजार लिटरचे पंधरा टँकर. थोडे वाया गेले तरी बारा टँकर कुठे गेले नाहीत. ते बोअरच्या पुनर्भरणाला सोडले, तर एप्रिल-मेमध्ये बागेला आणि बोर्डिंगच्या मुलांना पाणी विकत घ्यावे लागण्याची शक्यता बरीच कमी होते.

दफनभूमीची गोष्ट वेगळी. २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, लोक येतात, कबरी धुतात, फुले आणि मेणबत्त्या लावतात. त्याआधीच्या आठवड्यात काँग्रेस गवत उपटले जाते. पावसाळाभर ते वाढलेले असते, फुललेले असते आणि बी टाकून मोकळे झालेले असते. जुलैत फुलण्याआधी एक दिवस आणि सप्टेंबरात एक दिवस दिला, तर नोव्हेंबरात उपटायला फारसे उरत नाही. ज्यांच्या घरची कबर तिथे आहे ते यायला तयार असतात. त्यांना योग्य वेळी बोलावले जात नाही.

सर्वांत दुर्लक्षित निगा कागदांची. सातबाऱ्यावर नाव कोणाचे, धर्मादाय नोंदवहीत कोणती मालमत्ता लागली आहे, हद्दीची शेवटची मोजणी कधी झाली? एकाच आवारात चर्च धर्मप्रांताच्या न्यासाचे, शाळा दुसऱ्या संस्थेची आणि कॉन्व्हेंट सिस्टरांच्या संघाचे, असे अनेकदा असते. मधली कंपाउंडभिंत पडली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहतो. शेजारी तेवढ्यात दोन हात आत येतो.

दोन कायदे, एकच सूर

देणे ही ऐच्छिक दया आहे की कर्तव्य, यावर चर्चचे उत्तर स्पष्ट आहे. कॅनन लॉच्या १९८३ च्या संहितेतला २२२ वा नियम चर्चच्या गरजा भागवण्यास मदत करणे श्रद्धावंतांचे कर्तव्य ठरवतो. प्रवचनात हा नियम ऐकू येतो. त्याच संहितेतले दुसऱ्या बाजूचे नियम मात्र क्वचित ऐकू येतात. नियम ५३७ प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती असलीच पाहिजे. नियम १२६७ प्रमाणे ज्या कारणासाठी दान दिले, त्याच कारणासाठी ते वापरले पाहिजे. नियम १२८४ व्यवस्थापकाला मालमत्ता जपायला, जमाखर्च नीट ठेवायला आणि वर्षअखेर अहवाल द्यायला सांगतो. नियम १२८७ तर श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांच्यापुढे मांडायला सांगतो. आणि नियम ८४८ बजावतो की गरिबाला पैशाअभावी साक्रामेंत नाकारले जाऊ नये. हे सगळे एकत्र वाचले, तर कर्तव्य दोन्हीकडून आहे.

राज्याचा कायदा याच दिशेने जातो. १९५० चा मुंबई, आताचा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम सर्व धर्मांच्या न्यासांना लागू आहे. हिशेबतपासणी बंधनकारक आहे. कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय स्थावर मालमत्ता विकता येत नाही. तशाच मंजुरीशिवाय शेतजमीन दहा वर्षांहून आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने देता येत नाही. आवारातल्या रस्त्याकडच्या बाजूला गाळे काढून ‘एकदाचा प्रश्न मिटवू’ म्हणणाऱ्यांनी हे कलम आधी वाचावे. करसवलतीचे गाजर दाखवणाऱ्यांनीही जपून बोलावे. एका विशिष्ट समाजापुरत्या धार्मिक न्यासाला दिलेल्या देणगीवर ८०जी ची सवलत सहसा मिळत नाही.

द्यायच्या वाटा

लोक देत नाहीत, ही तक्रार हरेगावला जाऊन कोणी करू नये. श्रीरामपूर तालुक्यातल्या या गावी १९४९ पासून मतमाउलीची यात्रा भरते. ८ सप्टेंबर हा मारियेचा जन्मदिन, त्याच्या आगेमागे. २०२३ साली तिची पंच्याहत्तरी झाली. बेलापूर कंपनीचा साखर कारखाना ही एकेकाळी हरेगावची ओळख होती. तो बंद पडला, यात्रा मात्र वाढत गेली. राज्याच्या कानाकोपऱ्यातून माणसे येतात, त्यांत बिगरख्रिस्तीही पुष्कळ. नवस बोलले जातात, फेडले जातात, मेणबत्त्या लागतात आणि पेटीत पैसे पडतात. संगमनेरजवळ घुलेवाडीच्या निर्मळामातेकडेही गर्दी लोटते. म्हणजे देण्याची वृत्ती आहे. ती मतमाउलीशी बांधलेली आहे, मनातल्या नवसाशी बांधलेली आहे. आपल्या गावच्या चर्चच्या पन्हळीशी तिचे नाते अजून जुळलेले नाही.

यात्रेच्या पैशावर वर्षभराची निगा चालवावी, हा मोह सोपा आहे. पण यात्रा आवाराकडून घेतेही बरेच. भर पावसाळ्यात हजारो पावले काळ्या मातीवरून जातात, चिखल होतो, गटारे तुंबतात, प्लॅस्टिक साचते, झाडांच्या बुडख्यांशी वाहने लागतात. यात्रेच्या जमेतून आधी यात्रेने केलेली झीज वजा करायला हवी. उरते ती शिल्लक. आणि यात्रा नसलेल्या धर्मग्रामांना हा मार्ग मुळातच नाही.

देण्याची दुसरी वाट श्रमाची, आणि ती या जिल्ह्याने जगाला दाखवली आहे. १९७५ साली राळेगणसिद्धीला परतलेल्या अण्णा हजारेंनी सुरुवात केली ती यादवबाबांच्या पडक्या मंदिरापासून, स्वतःच्या भविष्यनिर्वाह निधीचे पैसे घालून. ते पाहून गाव श्रमदानाला उतरले, पाणलोटाची कामे पुढे झाली. याच जिल्ह्यात फादर हर्मन बाखर या स्विस जेझुइटाने पाणलोटालाच आयुष्य वाहिले. १९४८ साली ते भारतात आले, अहमदनगरचे सोशल सेंटर त्यांनी उभे केले, भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमामागचा विचार त्यांचा होता, आणि १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी ‘वॉटर’ ही संस्था स्थापन केली. संगमनेर तालुक्यातली दरेवाडी तिच्या कामामुळे गाजली. या कार्यक्रमात पैसा जर्मनीचा होता, तरी गावाने आपल्या वाट्याचे श्रमदान केल्याशिवाय काम पुढे सरकत नसे. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी गावानेच पाळायची. बांध बांधून झाल्यावर त्यांच्या देखभालीसाठी निधी बाजूला ठेवायचा. फुकट मिळालेल्या बांधाची कोणी डागडुजी करत नाही, हे बाखर यांना पक्के ठाऊक होते. हाच नियम बाखर यांच्याच चर्चच्या आवारांना मात्र कोणी लावला नाही. माळावरच्या बांधाला गावाचा वाटा सक्तीचा आणि चर्चच्या कंपाउंडचा खर्च फादरांच्या माथी, असे दोन कायदे एकाच तालुक्यात नांदले.

तिसरी वाट नियमित, थोड्या पैशांची. दोनशे कुटुंबांचे धर्मग्राम धरा. महिन्याला पन्नास रुपये म्हटले तर वर्षाचे एक लाख वीस हजार होतात. निम्म्यांनीच दिले तरी साठ हजार. त्यात नवे चर्च उभे राहणार नाही. पन्हळी, कौले, नाली, गवत यांची तरतूद मात्र होऊ शकते. अडचण अशी की ‘दरमहा’ हे शिक्षकाच्या, नर्सच्या, कारखान्यातल्या कायम कामगाराच्या पगाराचे वेळापत्रक आहे. शेतमजुराचा पैसा आठवड्याच्या बाजाराला येतो, ऊसतोड कुटुंबाचा उचलीच्या वेळी. शिवाय ते कुटुंब दिवाळीनंतर पाच-सहा महिने गावातच नसते. एकच पाकीट सगळ्यांना वाटले तर ज्याला जमत नाही तो मिस्सालाच यायचा टाळतो. मिझोरामच्या चर्चने १९१० पासून वेगळी तोड काढली. प्रत्येक वेळी भात शिजवताना बाईने मूठभर तांदूळ बाजूला काढायचे. गरीब घरही त्यात मागे राहत नाही, आणि आज त्या मुठींवर तिथले चर्च मोठी कामे उभी करते. आपल्याकडे ज्याच्याजवळ पायली बाजरी आहे त्याने ती द्यावी, ज्याच्याजवळ हात आहेत त्याने दिवस द्यावा, आणि त्या दिवसाची मजुरी पैशांच्याच रकान्यात, नावानिशी जमा धरावी. श्रमदान ‘मदत’ म्हणून बाजूला ठेवले की मजुराचे दान अदृश्य होते.

चौथी वाट बाहेरगावी गेलेल्यांची. पिंपरी-चिंचवडला, मुंबईला, आखाती देशांत गेलेली मुले सणाला येतात, हौसेने देतात. त्यांना काहीतरी दिसणारे हवे असते. नवी कमान, नवा ग्रोटो, संगमरवरी फलक. नालीवर नाव कोरून घ्यायला कोणी पुढे येत नाही. म्हणून आवारात नवी बांधकामे वाढतात आणि प्रत्येकाबरोबर निगेचा बोजाही वाढतो. कोणत्याही नव्या बांधकामाची देणगी घेताना तिचा एक ठरलेला हिस्सा त्याच बांधकामाच्या देखभालीसाठी बँकेत ठेवायचा, असा नियम वित्त समितीने केला तर हौस आणि शहाणपण दोन्ही राहतील.

आक्षेप, आणि त्यांतले खरे

‘आमचे लोक गरीब आहेत,’ हा पहिला आक्षेप. तो खोटा नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशापासून ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. गावात जात सुटलेली नाही आणि कागदावर मात्र ती पुसली गेली, असा दुहेरी तोटा या समाजाने सोसला आहे. त्याला वसईच्या किंवा गोव्याच्या धर्मग्रामाचे मोजमाप लावणे अन्याय आहे. वसईकरांमागे जमीन होती, १९१८ साली उभी राहिलेली कॅथॉलिक बँक होती. पण गरीब देत नाही, असे म्हणणेही त्याचा अपमानच. लग्नात, बारशात, मयतीत हाच समाज एकमेकांसाठी उभा राहतो.

दुसरा आक्षेप हळू आवाजात येतो, ‘जातो कुठे पैसा?’ यावर रागावण्यापेक्षा उत्तर देणे सोपे आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी दारातल्या फळ्यावर चार ओळी लिहायच्या. मागची शिल्लक, आलेले, गेलेले, आताची शिल्लक. शेजारी चालू कामाची एक ओळ. पुढच्या बाजूची कौले बदलली, इतके नग, इतकी मजुरी, सामान अमुक दुकानातून. आकडा लहान असला तरी लिहायचा. लहान आकडा लपवला की मोठा असेल असा संशय येतो.

तिसरा आक्षेप धर्मगुरूंच्या बदलीचा. काही वर्षांनी फादर बदलतात, नव्यांचे प्राधान्य वेगळे, अर्धे काम तसेच राहते. हा दोष माणसांचा नाही, नोंदींच्या अभावाचा आहे. आवाराची वही धर्मग्रामाची असावी, फादरांची नव्हे. तीत हद्द, पाण्याच्या वाटा, झाडे, प्रत्येक छपराचे वय आणि शेवटच्या दुरुस्तीची तारीख असावी. नव्या फादरांनी पहिल्या आठवड्यात ती वाचावी. आणि वित्त समितीत बायका असाव्यात. आवार रोज झाडणारे, पाणी भरणारे, गळके छप्पर आधी पाहणारे डोळे त्यांचे असतात. बैठकीत त्या क्वचित दिसतात.

क्रम

या सगळ्याचे सार क्रमात आहे. सध्याचा क्रम असा की आधी काहीतरी कोसळते, मग आवाहन होते, मग नाराजी, आणि हिशेब सर्वांत शेवटी, झाला तर. तो उलटा करायला हवा. आधी हिशेब, मग आवाराची पाहणी आणि वही, मग वर्षाच्या निगेचा लहान अंदाज. तो मिस्सानंतर वाचून दाखवायचा, त्यावर लोकांना बोलू द्यायचे, काही कामे त्यांच्या सांगण्यावरून बदलायची. आवाहन त्यानंतर. ज्या खर्चावर आपण बोललो, त्यात आपला वाटा घालणे माणसाला जड जात नाही.

बाहेरून येणारा पैसा थांबत चालला आहे याचे दुःख करण्यात वेळ घालवू नये. तो होता तोवर त्याने या जिल्ह्यात शाळा दिल्या, दवाखाने दिले, माळावर पाणी दिले. आवार आपले आहे ही जाणीव मात्र पैशाने येत नसते. ती देणे, राबणे आणि हिशेब विचारणे या तिन्ही गोष्टी एकत्र करू दिल्या तरच येते. धर्मग्रामांनी माणसांना पहिल्या दोन गोष्टींसाठी बोलावले आहे. तिसरीसाठीही बोलावले, तर पहिल्या दोन फारशा मागाव्या लागणार नाहीत.